विझार्ड ऑइलच्या बाटलीत काय होतं, आणि संधिवाताचा पेशंट त्यावर का विसंबला

प्रश्न शिकागोहून आला आहे. तिथे राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी जुन्या वस्तूंच्या बाजारातून एक बाटली घेतली. तिच्या काचेतच उठावाची अक्षरं आहेत : 'हॅम्लिन्स विझार्ड ऑइल, शिकागो'. त्यांनी विचारलंय की या तेलानं कुणाचा संधिवात खरंच बरा व्हायचा का, आणि होत नसेल तर लोक पन्नास वर्षं ते विकत कसे घेत राहिले. तिसरा प्रश्न त्यांनी शेवटी एका ओळीत उरकलाय, पण पत्र बहुधा त्यासाठीच लिहिलं असावं. त्यांच्या आई साताऱ्याला असतात. त्यांना ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, म्हणजे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो संधिवात. हा आजार आटोक्यात ठेवणारी मेथोट्रेक्सेट ही आठवड्याची गोळी सोडून त्या दीड वर्षापासून कुठल्याशा पुड्या घेताहेत आणि "मला याचाच गुण आला" असं ठामपणे सांगतात.

मी सत्तावीस वर्षं सांध्यांच्या आजारांची ओपीडी चालवते आहे. त्याआधी काही वर्षं औषधशास्त्र शिकवलं, आणि तेव्हापासून जुन्या औषधांच्या जाहिराती आणि लेबलं जमवण्याचा नाद लागला. त्यामुळे तिन्ही प्रश्नांना एकत्रच उत्तर देते. मला ते एकाच प्रश्नाचे तीन तुकडे वाटतात.

आधी थोडक्यात : रोग बरा होत नव्हता. आराम मात्र पुष्कळांना पडायचा, आणि तो आराम खरा होता. तो कशामुळे पडतोय हे पेशंटला कळू दिलं जात नव्हतं, दोष तिथे होता.

'पेटंट मेडिसिन' या नावापासूनच गोंधळ सुरू होतो. इंग्लंडात राजा एखाद्याला विक्रीची सनद द्यायचा, तिला 'लेटर्स पेटंट' म्हणत. पुढे सनद गेली, नाव राहिलं. एकोणिसाव्या शतकातल्या या बाटल्यांपैकी बहुतेकींना खरं पेटंट नव्हतंच. पेटंट घ्यायचं तर घटक आणि कृती उघड करावी लागते, आणि तीच तर लपवायची होती. म्हणून नाव, लेबल, बाटलीचा आकार यांची नोंदणी करायची आणि आतलं गुपित ठेवायचं. 'गुप्त औषध' हेच त्यांचं खरं वर्णन आहे.

आता त्या काळचा 'ऱ्हुमॅटिझम' म्हणजे काय ते बघू. ग्रीकमध्ये 'ऱ्हूमा' म्हणजे वाहणारा पदार्थ. शरीरातला एखादा दूषित रस वाहत वाहत सांध्यात उतरतो, अशी कल्पना होती. आपल्याकडे "वात भरलाय" म्हणतात, त्याच्या जवळचीच. या एका शब्दाच्या पोत्यात काय काय कोंबलेलं होतं! मुलांना येणारा, हृदयाच्या झडपा खराब करणारा संधिवाताचा ताप. अंगठ्याचा गाऊट, म्हणजे आपलं वातरक्त. म्हातारपणी झिजलेले गुडघे. कंबरेत भरलेली उसण. गरमी-परम्यासारख्या गुप्तरोगांतून होणारी सांधेसूज. आणि साताऱ्याच्या या आईंना आहे तो आजार. 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे नाव लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनी १८५९ साली सुचवलं. त्याआधी १८४८ मध्ये त्यांनीच गाऊटच्या रक्तात यूरिक आम्ल जास्त असतं हे दाखवून गाऊट वेगळा काढला होता. पण दुकानात बाटली घ्यायला येणाऱ्या शेतमजुराला किंवा शिवणकाम करणाऱ्या बाईला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. हात आखडलाय, ठणका लागलाय, एवढंच ठाऊक.

या पोत्यातल्या बहुतेक दुखण्यांचा एक समान स्वभाव असतो. ती भरती-ओहोटीसारखी वागतात. गाऊटचा झटका काहीही न करता एक-दोन आठवड्यांत ओसरतो. भरलेली कंबर बहुधा काही आठवड्यांत मोकळी होते. झिजलेले गुडघे थंडीत बोलतात, ऊन पडलं की गप्प बसतात. ऱ्हुमॅटॉइडसुद्धा उसळतो आणि काही काळ आपोआप निवळतो. माणूस औषध कधी शोधतो? दुखणं अगदी शिगेला पोहोचल्यावर. शिगेनंतर उतारच असतो. त्या दिवशी हातात जी बाटली असेल तिला श्रेय जातं. माझ्या ओपीडीत रोज हेच घडतं. मी दिलेल्या औषधांनाही असं न कमावलेलं श्रेय अनेकदा मिळतं, म्हणून मला नियंत्रित चाचण्या लागतात, म्हणजे औषध घेणाऱ्यांची न घेणाऱ्यांशी तुलना.

हे त्या काळीही काही माणसांनी ओळखलं होतं, आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. १८६०च्या दशकात लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये विल्यम गल आणि हेन्री सटन यांनी संधिवाताच्या तापाच्या पेशंटांना मुख्यतः पुदिन्याचं पाणी दिलं. पुदिन्याचं पाणी, अंथरुणात विश्रांती, आणि बारकाईनं नोंदी. पेशंट बरे होत गेले. मग त्याच तापावर रक्त काढणं, पारा देणं आणि अफूचे डोस देणं यांचं श्रेय काय उरलं? आजार स्वतःच्या वाटेनं किती जातो हे आधी पाहिल्याशिवाय औषधाचं मोल ठरत नाही, हे त्यांनी वॉर्डात उभं राहून दाखवलं.

त्याहून जुना एक प्रयोग आहे, तो मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते. अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये एलिशा पर्किन्स नावाचे डॉक्टर होते. त्यांनी तीनेक इंच लांबीच्या, टोकदार, वेगवेगळ्या धातूंच्या दोन कांड्या बनवल्या आणि १७९६ मध्ये त्यावर रीतसर पेटंट घेतलं. दुखऱ्या जागेवरून या कांड्या ओढल्या की वेदना 'खेचून' निघते, असा दावा. लंडनमध्ये जोडीची किंमत पाच गिनी होती. बाथ या गरम झऱ्यांच्या गावी सांध्यांच्या दुखण्याचे पेशंट खूप येत. तिथे जॉन हेगार्थ या डॉक्टरांनी तशाच दिसणाऱ्या लाकडी कांड्या करून घेतल्या. ७ जानेवारी १७९९ रोजी जुनाट संधिवाताच्या पाच पेशंटांवर त्या फिरवल्या. पाचांपैकी चौघांना आराम वाटला. दुसऱ्या दिवशी खऱ्या धातूच्या कांड्या फिरवल्या, तेव्हाही जवळपास तेवढाच गुण आला. हेगार्थनी पेशंटांना खोटारडं ठरवलं नाही. आराम खरा आहे आणि तो धातूतून आलेला नाही, एवढंच सांगितलं. कल्पनाशक्ती रोग निर्माण करते आणि कमीही करते, या विषयावर त्यांनी १८०० साली पुस्तिकाच काढली. एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर उत्तर असं लिहून ठेवलेलं होतं. तरी पुढची शंभर वर्षं गॅल्व्हनिक साखळ्या, विजेचे पट्टे, संधिवाताच्या अंगठ्या खपतच राहिल्या.

आता तुमच्या बाटलीकडे वळते. विझार्ड ऑइल १८६१ पासून शिकागोत जॉन हॅम्लिन आणि त्यांचा भाऊ लायसँडर यांनी विकलं. जॉन मूळचा जादूगार, म्हणून नाव 'विझार्ड'. गावोगाव गाड्या जायच्या, गाणीबजावणी व्हायची, गर्दी जमली की बाटल्या निघायच्या. आपल्याकडे आठवडी बाजारात डोंबाऱ्याचा खेळ संपता संपता जडीबुटीवाला पुढे यायचा, ते आठवा. लोकांना करमणूक फुकट मिळायची आणि औषध विकत. जाहिरातीत म्हटलेलं असे की भरणार नाही अशी जखम नाही आणि शमणार नाही अशी वेदना नाही.

आत काय होतं? निम्म्याहून अधिक अल्कोहोल, सत्तर टक्क्यांपर्यंतसुद्धा. शिवाय कापूर, अमोनिया, क्लोरोफॉर्म, टर्पेंटाइन, लवंगेचं तेल आणि सॅसफ्रास या अमेरिकी झाडाचं तेल. हे मिश्रण मूर्खपणाचं अजिबात नव्हतं. कापूर आणि टर्पेंटाइन कातडीला चुणचुणवतात, रक्त खेचून आणतात, जागा गरम वाटते. अल्कोहोल उडून जाताना थंडावा देतं. लवंगेतलं युजेनॉल बधिर करतं. दाढेत लवंग धरणाऱ्या कुणालाही हे सांगायला नको. क्लोरोफॉर्मही वरून लावल्यावर थोडं बधिर करतं. आणि चोळणं! दहा मिनिटं कुणी मायेनं गुडघा चोळून देणं, यातच निम्मं औषध आहे. कातडीवरच्या स्पर्शाच्या संवेदना मज्जारज्जूत पोहोचल्या की खोलवरच्या वेदनेच्या संदेशांची वाट अडते. डोकं आपटलं की आपण हातानं ती जागा चोळतो, ते याचमुळे.

या तत्त्वाला त्या काळचे डॉक्टर प्रतिक्षोभ म्हणत. आत दुखतंय तर वर दुसरी आग लावा. मोहरीचा लेप, कँथॅरिडीज किड्यांच्या पुडीनं उठवलेले फोड, आणि आपल्याकडचा बिब्बा. गुडघ्याला बिब्बा घालून आलेली, फोड चिघळलेली माणसं मी सुरुवातीच्या काळात खूप पाहिली. त्यापेक्षा लाल मिरची सौम्य. रॅडवेचं 'रेडी रिलीफ' आणि मूळ घोड्यांसाठी बनवलेलं स्लोनचं लिनिमेंट, दोन्हींत मिरचीचा अर्क होता. मिरचीतलं कॅप्सायसिन मज्जातंतूंच्या टोकांवरच्या एका विशिष्ट ग्राहकाला आधी चेतवतं आणि वारंवार लावल्यावर थकवून गप्प करतं. तो ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. झिजलेल्या गुडघ्यांना मी आजही कॅप्सायसिनचं मलम लिहून देते. फरक असा की नळीवर टक्केवारी छापलेली असते आणि मी पेशंटला सांगते, की यानं कळ कमी होईल, कूर्चा परत येणार नाही.

क्लार्क स्टॅनलीच्या 'स्नेक ऑइल'ची हकीकत याच जातीची आहे. १८९३ चं शिकागोचं जागतिक प्रदर्शन आपल्याला विवेकानंदांच्या भाषणामुळे ठाऊक असतं. त्याच प्रदर्शनात स्टॅनली लोकांसमोर जिवंत खुळखुळ्या साप चिरून दाखवत होता. पुढे सरकारी रसायनज्ञांनी बाटली तपासली. खनिज तेल, एखादा टक्का चरबी, मिरची, कापूर-टर्पेंटाइनचा अंश. सापाचा मागमूस नव्हता. १९१६ मध्ये त्याला वीस डॉलर दंड झाला. पण मिरची होती, म्हणजे सांध्याला ऊब लागत होती. सापाचं नाव खोटं आणि ऊब खरी. पेशंटला हे दोन वेगळे करता यायचं काही साधन नव्हतं.

चोळायच्या औषधांनी फारसं नुकसान झालं नाही, पैसे मात्र गेले. पोटात घ्यायच्या औषधांबद्दल मी इतकी उदार होऊ शकत नाही.

त्यांतलं एकच औषध खऱ्या अर्थानं रोगावर लागू पडत होतं : कोल्चिकम. फ्रेंच सैन्यातल्या निकोला ह्युसाँ या अधिकाऱ्यानं अठराव्या शतकाच्या शेवटी 'ओ मेदिसिनाल' नावाचं एक गुप्त पाणी काढलं. गाऊटवर ते इतकं झपाट्यानं काम करायचं की इंग्लंडच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्सही ते घेत. १८१४ मध्ये लंडनच्या जॉन वाँट यांनी ओळखलं की यात कोल्चिकमचा कंद आहे. हा कंद काही नवा नव्हता. युनानी हकीम सांधेदुखीवर सुरंजान देतात, ती याच कुळातली. काष्ठौषधींच्या दुकानात आजही मिळते. १८२० मध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू यांनी त्यातून शुद्ध द्रव्य वेगळं केलं. आज मी गाऊटला देते ती कोल्चिसिनची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी म्हणजे त्याच गुप्त पाण्याची उघड झालेली आवृत्ती आहे.

एवढं होऊनही बाजारात कोल्चिकम गुप्तच राहिलं. ब्लेअरच्या 'गाऊट आणि ऱ्हुमॅटिक' गोळ्या इंग्लंडात शतकभर खपल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं पृथक्करण केलं तेव्हा त्यात कोल्चिकमची पूड आणि भाजलेली तुरटी निघाली. अडचण अशी की कोल्चिकमचा गुणकारी डोस आणि विषारी डोस यांत अंतर फार थोडं. गाऊटवाल्याला गुण येई. ज्याला गाऊट नव्हता, नुसते झिजलेले गुडघे होते, त्याला फक्त जुलाब आणि उलट्या. गुण येत नाही म्हणून तो गोळ्या वाढवणार. किती विष पोटात जातंय ते कुठेच लिहिलेलं नाही. गुप्ततेचा धोका मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. औषध चांगलं होतं, तरी धोका होता.

दुसरा मोठा वर्ग रक्तशुद्धीचा. सांध्यात उतरणारा दूषित रस रक्तातून येतो, म्हणून रक्त साफ करा. हे आपल्याला लगेच पटतं. आपल्याकडे फोड आले की आजी उपळसरीचा काढा देते. आणि गंमत नव्हे, पण योग असा की उपळसरीला इंग्रजीत 'इंडियन सार्सापरिला' म्हणतात, आणि अमेरिकेतल्या रक्तशोधकांचा राजा सार्सापरिलाच होता. मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल या एकाच गावातून एअरची आणि हूडची अशा दोन सार्सापरिला जगभर जायच्या. सार्सापरिलाच्या मुळानं सांध्याला ना अपाय होतो ना उपाय. पण फिलाडेल्फियाच्या विल्यम स्वेमनं १८२० मध्ये आणलेल्या 'पॅनेशिया'त सार्सापरिला आणि विंटरग्रीनच्या वासाआड पाऱ्याचा तीव्र क्षार होता, रसकापूर म्हणा. लेबलवर राक्षसी सापाला मारणारा हर्क्युलिस. जुनाट संधिवातावर लोक महिनोनमहिने ते पीत होते. हिरड्या सुजणं, दात हलणं, लाळ गळणं ही पाऱ्याच्या विषाची लक्षणं. आणि त्या काळात डॉक्टरच उघडपणे कॅलोमेलच्या रूपानं पारा देत असल्यामुळे लोकांना ती 'औषध लागू पडल्याची खूण' वाटत.

अफू आणि दारू यांबद्दल फार लिहीत नाही, त्यांचं काम उघड आहे. पेरी डेव्हिस यांनी १८४० मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये काढलेल्या 'पेन किलर'मध्ये अल्कोहोल आणि अफू होती. मिशनऱ्यांनी ती बाटली आशियापर्यंत नेली. 'पेनकिलर' हा आपल्या बोलीत मुरलेला शब्द या बाटलीनं जगभर पोहोचवला. हिंदुस्थानातल्या फौजेतले डॉक्टर जॉन कॉलिस ब्राउन यांचं क्लोरोडाइन मूळ पटकीसाठी. त्यात अफूचा अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म, आणि पुढे तेही संधिवातावर सुचवलं जाऊ लागलं. पेशंट झोपायचा, कळ विसरायचा. काही महिन्यांनी सोडू म्हटलं तर अंग मोडून यायचं आणि तो समजायचा, "बघा, औषध थांबवलं की संधिवात उलटतो." हे वाक्य लक्षात ठेवा. तुमच्या आईंच्या बाबतीत ते पुन्हा येणार आहे.

मध्येच एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. पिट्सबर्गच्या सॅम्युअल कीअर यांच्या मिठाच्या विहिरींत काळं तेल येऊन मीठ नासायचं. १८५०च्या सुमारास त्यांनी ते बाटल्यांत भरून 'रॉक ऑइल' म्हणून अर्ध्या डॉलरला विकायला काढलं. संधिवातावर चोळा आणि प्यासुद्धा. जाहिरातीचा कागद नोटेसारखा दिसायचा, त्यावर '४००' हा आकडा, कारण तेल चारशे फुटांखालून येई, आणि विहीर खोदण्याच्या मनोऱ्याचं चित्र. असं सांगतात की न्यूयॉर्कच्या एका औषधाच्या दुकानात जॉर्ज बिसेल यांनी तो कागद पाहिला आणि त्यांच्या डोक्यात आलं, की तेल असंच खोदून काढावं. त्यांच्याच उद्योगातून १८५९ मध्ये अमेरिकेतल्या टायटसव्हिलला ड्रेकची विहीर लागली, खनिज तेलासाठीच खोदलेली. संधिवाताच्या बाटलीवरच्या चित्राचा हात खनिज तेलाच्या युगाला लागला असावा, ही कल्पनाच मला विलक्षण वाटते.

मग खरं औषध कुठून आलं? स्कॉटलंडमधल्या डंडीच्या थॉमस मॅकलॅगन यांच्याकडून, आणि तेही चुकीच्या तर्कानं. त्यांचं म्हणणं असं की संधिवाताचा ताप ओलसर, दलदलीच्या जागी होतो. विलो, म्हणजे वाळुंज जातीची झाडंही तिथेच वाढतात. तेव्हा उतारा तिथेच असणार. त्यांनी विलोच्या सालीतलं सॅलिसिन आधी स्वतः घेतलं, पाच ग्रेन, मग दहा, मग तीस. काही अपाय झाला नाही तेव्हा पेशंटांना दिलं, आणि १८७६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डोस, ताप, दिवस यांसकट सगळं छापलं. त्याच वर्षी बर्लिनमध्ये स्ट्रिकर यांनी सॅलिसिलिक आम्लानं तोच परिणाम दाखवला. सांध्याची सूज काही दिवसांत उतरू लागली. हृदयाच्या झडपा त्यानं वाचत नव्हत्या, आणि हेही पुढे उघडपणे मान्य केलं गेलं. याच वाटेवर १८९९ मध्ये ॲस्पिरिन बाजारात आलं. मॅकलॅगन यांचा तर्क फसवा होता आणि स्नेक ऑइलवाल्याचाही. पण एकानं कृती चव्हाट्यावर मांडली, त्यामुळे दुसऱ्या कुणालाही ती तपासता आली.

मुंबईचाही यात भाग आहे. लंडनच्या थॉमस हॉलोवे यांनी १८३७ मध्ये सुरू केलेलं मलम आणि गोळ्या जगभर गेल्या. वापरायच्या सूचना हिंदुस्थानी भाषांतही छापलेल्या असत, आणि रोगांच्या लांबलचक यादीत संधिवात होताच. गोळ्यांमध्ये मुख्यतः कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण, म्हणजे चांगलं रेचक. त्या कमाईतून लंडनजवळ मुलींसाठी एक भव्य कॉलेज उभं राहिलं. १८८६ मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीनं त्याचं उद्घाटन केलं. आणि १८९३ मध्ये मुंबईत काशीनाथुनी नागेश्वरराव या तेलुगू गृहस्थांनी अमृतांजन सुरू केलं. संगीताच्या मैफलींत डब्या फुकट वाटून त्यांनी ते लोकांपर्यंत नेलं. त्या पिवळ्या बामाचा वास आपल्यापैकी कित्येकांना आजीचा वास म्हणून आठवतो. अशा बामांतलं विंटरग्रीनचं तेल म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट, मॅकलॅगन यांच्या सॅलिसिनचंच भावंड. लावायला माझी हरकत नाही. चाटायचं मात्र नाही, आणि लहान मुलांच्या हाती द्यायचं नाही.

कायदा यायला शतक उलटावं लागलं. अमेरिकेत १९०६ चा कायदा झाला आणि अल्कोहोल, अफू, मॉर्फिन, कोकेन, क्लोरोफॉर्म वगैरेंचं प्रमाण लेबलवर छापणं सक्तीचं झालं. हेच मला त्या कायद्याचं सगळ्यात मोठं काम वाटतं. विकायला बंदी नव्हती, फक्त लपवायला होती. १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं गुप्त औषधांची पृथक्करणं, घटकांच्या खऱ्या किमतीसकट, पुस्तकरूपानं प्रसिद्ध केली. विझार्ड ऑइलच्या मालकांना १९१६ मध्ये दोनशे डॉलर दंड झाला, कर्करोग बरा करतो असं म्हटल्याबद्दल. आपल्याकडे १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे. ज्या रोगांवर औषधाची जाहिरातच करायची नाही, अशा रोगांच्या यादीत संधिवात आहे.

तुमच्या बाटलीचं वय तुम्हालाच काढता येईल. बाजूनं जाणारी साच्याची शिवण बोटानं चाचपा. ती तोंडाच्या खालीच संपत असेल तर तोंड हातानं घडवलेलं आहे. काठापर्यंत चढत असेल तर बाटली यंत्रावरची, म्हणजे १९०३ नंतरची असण्याचा संभव जास्त. कागदी लेबल उरलं असेल आणि त्यावर अल्कोहोलची टक्केवारी छापलेली असेल, तर ती १९०७ किंवा त्यानंतरची समजा. तळाशी काही शिल्लक असेल तर ते हुंगू नका, चोळून तर मुळीच बघू नका.

आता आईंचं. फलटणकडच्या एका काकू माझ्याकडे आल्या होत्या, त्यांची हकीकत सांगते. तीन वर्षं पांढऱ्या पुड्या. पहिल्या चार दिवसांत बोटं वळायला लागली, स्वयंपाकाला उभ्या राहिल्या, घरच्यांनी देवासमोर नारळ फोडला. माझ्याकडे आल्या तेव्हा चेहरा गोल झालेला, मानेमागे चरबी, हातावर नुसत्या स्पर्शानं काळे-निळे डाग, साखर वाढलेली आणि पाठीचा एक मणका दबलेला. पुडीत स्टेरॉइड, म्हणजे शरीरातल्या कॉर्टिसॉल या संप्रेरकासारखं, सूज झपाट्यानं दाबणारं औषध असल्याशिवाय हे चित्र दिसत नाही. स्टेरॉइड मीही देते. नेमक्या डोसात, ठरलेल्या मुदतीसाठी, हाडांची आणि साखरेची काळजी घेत, आणि पेशंटला नाव सांगून. त्या काकूंना नाव कुणी सांगितलंच नव्हतं. पुडी विसरली की तिसऱ्या दिवशी अंग गळून जायचं, सांधे पेटायचे, आणि त्या म्हणायच्या की हेच औषध मला लागू आहे, थांबवलं की वात उलटतो.

तुमच्या आई मूर्ख नाहीत, आणि त्यांच्याशी वाद घालू नका. मेथोट्रेक्सेटला गुण दाखवायला सहा ते बारा आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळतं, दर काही आठवड्यांनी रक्त तपासावं लागतं. पुडी चार दिवसांत उभं करते. दुखणाऱ्या माणसानं चार दिवसांचं औषध निवडणं अगदी समजण्यासारखं आहे. त्यांना सांगा की आराम खराच पडला, आम्हाला मान्य आहे. फक्त तो कशानं पडतोय ते आता आपण बघू. आराम पडत असताना आत सांध्याची हाडं कुरतडली जातच असतात, हे त्यांना हाताचे जुने आणि नवे एक्सरे शेजारी ठेवून डॉक्टरांकरवी दाखवा. बोलून पटत नाही ते फोटोत पटतं, असा माझा अनुभव आहे.

पुढच्या आठवड्यात साताऱ्यात किंवा पुण्यात संधिवाततज्ज्ञाची वेळ घ्या. दोन-चार पुड्या जशाच्या तशा बरोबर न्यायला सांगा. रक्तदाब, साखर, सोडियम-पोटॅशियम, सकाळी आठची कॉर्टिसॉल, हाडांची घनता, डोळ्यांत मोतीबिंदू आणि काचबिंदू, एवढं तपासून घ्या. मेथोट्रेक्सेट परत सुरू करायची ती यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या झाल्यावरच, आठवड्यातून एकच दिवस, वार ठरवून, फॉलिक ॲसिडसह. रोज चुकून घेतली तर ती जिवावर बेतते. आणि घरी कुणी रागाच्या भरात पुड्या फेकून देणार नाही हे बघा. त्यांतही स्टेरॉइडच असेल, तर दीड वर्षानंतर ते एकाएकी तुटल्यावर शरीराला स्वतःचं कॉर्टिसॉल पुरेसं बनवता येत नाही. रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, माणूस जाऊ शकतो. डॉक्टर भेटेपर्यंत पुडी चालू राहू द्या. त्यानंतर माहीत असलेल्या गोळीवर आणून ती हळूहळू, काही महिन्यांत उतरवतात.